क्रीडमूरची मॅच : नेम माणसाचा की बंदुकीचा?

आपल्या मंडळातली काही कुटुंबं क्वीन्समधल्या बेलरोज, फ्लोरल पार्क भागात राहतात. विंचेस्टर बुलेव्हार्ड, मस्केट स्ट्रीट, रेंज स्ट्रीट अशी तिथल्या रस्त्यांची नावं. एवढ्या शांत वस्तीत ही बंदुकांची नावं कुठून आली, याचं मला फार कुतूहल होतं. क्रीडमूर म्हटलं की आज मनोरुग्णालय आठवतं. पण १८७३ साली तिथे, क्रीड कुटुंबाच्या जुन्या शेतावर, नेमबाजीचं मैदान सुरू झालं होतं.

त्याच वर्षी आयर्लंडच्या नेमबाजांनी इंग्लंडमध्ये एल्को शील्ड जिंकली आणि उत्साहाच्या भरात वर्तमानपत्रातून अमेरिकेला आव्हान दिलं. न्यूयॉर्कच्या नवख्या अमॅच्युअर रायफल क्लबने ते स्वीकारलं. मग अटी ठरल्या. रायफलचं वजन दहा पौंडांपेक्षा जास्त नको. चाप ओढायला निदान तीन पौंडांचा जोर लागला पाहिजे. दुर्बीण लावायची नाही. हेतू सरळ होता : जड बंदूक कमी हलते, हलका चाप नेम ढळू देत नाही, तेव्हा हा फायदा कोणी विकत घेऊ नये.

पण आणखी एक अट होती. आयरिश संघाने आयरिश बनावटीच्या, अमेरिकनांनी अमेरिकन बनावटीच्याच रायफली वापरायच्या. इथे सगळा रंग पालटला! आयरिशांकडे डब्लिनच्या रिग्बीच्या, नळीच्या तोंडातून भरायच्या रायफली. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या नव्या, मागून भरायच्या. बार कुठून भरायचा यावर बंधन नव्हतं. लांब पल्ल्याच्या अचूक नेमासाठी मागून भरायची बंदूक चालणार नाही, असं तेव्हा जाणकार मानत.

आता ‘अमॅच्युअर’ या शब्दाची गंमत पाहा. आयरिश संघात स्वतः जॉन रिग्बी होते, आणि अमेरिकन संघातले हेपबर्न रेमिंग्टनचे, तर येल शार्प्सचे कारागीर! बंदुकीचं वजन नियमात बसवलं, धंद्याचं कोणी बसवलं नाही. माझ्या मते ही मॅच निम्मी कारखान्यांचीच होती.

२६ सप्टेंबर १८७४. प्रत्येकी सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून पंधरा-पंधरा गोळ्या. अचूक नेमाला चार गुण. हजारो लोक बघायला लोटले होते. आयर्लंडच्या मिलनरने अगदी मध्यावर नेम साधला, पण चुकीच्या लक्ष्यावर! शून्य गुण. शेवटची गोळी अमेरिकेच्या बोडिनची. जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. रुमाल बांधून त्याने ती मारली आणि मध्यभाग टिपला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. मिलनरचे ते चार गुण धरले असते, तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं.

पुढच्याच वर्षी अमेरिकन संघाने डब्लिनजवळ जाऊन आयरिशांना पुन्हा हरवलं आणि मागून भरायच्या रायफलीबद्दलची शंका मिटली. वजनाचा काटा मात्र कायम राहिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीलाही आठ किलोंची मर्यादा होती आणि दुर्बिणीला मनाईच होती.