जुगाड

गाझियाबाद, मेरठच्या ग्रामीण भागात ‘जुगाड’ रस्त्यावरून धावते. डिझेल पंपसेटचे इंजिन, जुन्या जीपचे सुटे भाग, वर लाकडी फळ्या, त्यांवर ऊस किंवा माणसे. शब्दाचे मूळ ‘जुगत’प्रमाणे संस्कृत ‘युज्’ धातूकडे नेतात. युज् म्हणजे जोडणे, आणि ही गाडी म्हणजे नुसती जोडाजोडच.

आपल्याकडे बोलीतला शब्द ‘हलका’ ठरवून ज्ञानग्रंथाबाहेर ठेवण्याची घाई असते. मला ते मुळीच पटत नाही. शब्दकोशाला अर्थ पुरतो, विश्वकोशाला मात्र शब्दामागची वस्तू, तिचा इतिहास आणि तिच्यावरून झालेले वाद लागतात. ‘झक्कास’मागे असे फारसे काही नाही, त्याची नोंद शब्दकोशातच शोभते. जुगाडचे तसे नाही. अपघातातल्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातून प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2013 मध्ये न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहन कायद्याखालचे वाहनच ठरवले. म्हणजे नोंदणी आली, परवाना आला, विमाही आला. त्याआधीच, 2012 मध्ये, ‘जुगाड इनोव्हेशन’ या इंग्रजी पुस्तकाने हा शब्द व्यवस्थापनशास्त्रात नेला होता. एवढे सगळे शब्दार्थाच्या एका ओळीत कसे मावणार?