पकडा, आणि तिथेच सोडा

गल्लीतल्या मांजरांसाठी जगभर एक पद्धत आता रुळली आहे. पिंजऱ्यात पकडायचं, नसबंदी करायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. यातला शेवटचा भाग लोकांना काही केल्या पटत नाही. एवढं पकडलंच आहे तर लांब नेऊन सोडा की! पण मांजर उचललं तरी उकिरडा तिथेच असतो, आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या गल्लीतला बोका हजर. २००१ साली केंद्राने भटक्या कुत्र्यांसाठी नियम केले, त्यातही हेच होतं: नसबंदी, लस आणि मूळ जागी परत.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) त्याच २००१ मध्ये जुन्नरच्या उसात मोठ्या मांजरांवर नेमका उलटा प्रयोग सुरू झाला. पकडा, आणि लांब जंगलात सोडा. २००३ पर्यंत २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा हिशोब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ वर. आमच्या धंद्यात याला बग फिक्स करताना प्रॉडक्शन पाडणं म्हणतात. फक्त इथे माणसं मेली. कारणही फार गूढ नाही. बिबट्या म्हणजे सामान नव्हे; अनोळखी मुलखात टाकला की तो बिथरतो, भटकतो, घराकडे निघतो.

आता चंद्रपूरकडे या. ताडोबाचं सगळे कौतुक करतात, पण खरा पेच ताडोबाच्या बाहेर आहे. ब्रह्मपुरीकडे वाघ शेतं आणि गावांच्या मधल्या जंगलात राहतात. जुलै २०१७ मध्ये तिथली एक तरुण वाघीण पकडली. दोन माणसांच्या मृत्यूचा तिच्यावर ठपका होता. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला वर्धा जिल्ह्यात बोरला सोडलं. ती तिथे टिकलीच नाही. अडीच महिन्यांत पाचशेच्या आसपास किलोमीटर चालली, वाटेत आणखी दोघांचा जीव गेला, गोळी घालायचा आदेश निघाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने ती मेली. कॉलरमुळे तिचा सगळा प्रवास नकाशावर दिसत होता, आणि तरीही.

वैनगंगेच्या एका अंगाला ब्रह्मपुरी, दुसऱ्या अंगाला गडचिरोलीतलं वडसा. वाघाला जिल्ह्याची हद्द कोण सांगणार? तीन जिल्ह्यांत १३ जणांच्या मृत्यूला जबाबदार धरलेला सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाकडेच पकडला आणि कायमचा गोरेवाड्याला गेला. अशा वाघापुरतं ते ठीकच, माझी तरी हरकत नाही. पण त्याची जागा रिकामी राहत नाही.

मे २०२३ मध्ये चंद्रपुरातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, तो प्रकार मात्र वेगळा होता. त्या गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तिथे वाघ वाढावेत म्हणून नेल्या होत्या.

मग नसबंदी? चंद्रपूरच्या वाघांबाबत २०२० च्या सुमारास स्थलांतराबरोबर तीही चर्चेत आली. जुन्नरच्या मोजक्या बिबट्या माद्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करायला केंद्राने २०२५ मध्ये होकार दिला. कागदावर हे बरोबर मांजरासारखंच दिसतं: मादी आपला इलाखा धरून बसते, पिल्लं होत नाहीत, नवी बाहेरची येत नाही. फक्त बोका चावला तर इंजेक्शन घेऊन भागतं.

१० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ऑपरेशन करून वाघीण परत इथेच सोडतोय, हे त्या गावाच्या ग्रामसभेत उभं राहून कोण सांगणार? पुडके बांधायला मे महिन्यात पहाटे जंगलात जावंच लागतं.