मातीचे मास्तर

शेतकीच्या जाणकाराला शेतकी शिकवितांही येईल, हा समज अमेरिकेंतही बराच काळ टिकला. १८६२ च्या मॉरिल कायद्यानें राज्यांना, काँग्रेसमधील त्यांच्या दर सभासदामागें, ३० हजार एकर सरकारी जमीन नेमून दिली. तिच्या विक्रीच्या पैशावर शेतकी व यंत्रविद्येचीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. (ही जमीन मूळची तेथील आदिवासींची, हें सांगितलेंच पाहिजे.)

तेथें मातीचे पंडित निपजले, पण शाळांना मास्तर कोठून मिळणार? १९०७ च्या नेल्सन दुरुस्तीनें अनुदानाचा कांहीं भाग शिक्षक तयार करण्याकडे लावण्याची मुभा दिली. पुढें २३ फेब्रुवारी १९१७ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं स्मिथ-ह्यूजेस कायद्यावर सही केली, आणि मृदाशास्त्र व अध्यापनशास्त्र यांची सांगड पक्की झाली. त्यांतील दोन अटी मला मोलाच्या वाटतात. धंद्याचा पुरेसा अनुभव असलेल्याला, किंवा तालमींतच तो मिळविणाऱ्यालाच, ही शिक्षकी तालीम मिळे. आणि विद्यार्थ्याला वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं शेतीचें प्रत्यक्ष काम करावें लागे.

मीं स्वतः तीस वर्षें काळी माती फळ्यावर पांढऱ्या खडूनें शिकविली. एकदां एका कुणब्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, हिला वाफसा केव्हां येतो?" मीं पुस्तकाचें पान उलटलें.