एकच क्रोम, दोन मालक : १९५९ च्या कॅडिलॅक आणि चायकाची गोष्ट

जानेवारी १९५९. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि सहकारी शेती यांचा ठराव संमत झाला. समाजवादी समाजरचना हे त्या काळाचे घोषवाक्य होते. पण समाजवादी देशात चैनीच्या वस्तूचे नेमके काय होते? त्याच वर्षीच्या दोन मोटारी शेजारी ठेवल्या, तर या प्रश्नाचे एक उत्तर मिळते.

पहिली अमेरिकेची कॅडिलॅक. सुमारे पावणेसहा मीटर लांबी, ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि मागे उंच पंख. पंखांची कल्पना मुळात पी-३८ या लढाऊ विमानावरून १९४८ मध्ये आली. १९५९ मध्ये त्यांनी टोक गाठले. त्यांचे खरे काम एकच : शेजाऱ्याची गतवर्षीची मोटार जुनी वाटावी. त्या वर्षी सुमारे १ लाख ४० हजार कॅडिलॅक बनल्या. पैसे किंवा हप्ते भरण्याची ऐपत, एवढीच पात्रता.

दुसरी गोर्की शहराच्या कारखान्यातील ‘चायका’, म्हणजे कुरव हा समुद्रपक्षी. लांबी जवळपास तेवढीच, ५.५ लिटरचे व्ही-८ इंजिन, बटणे दाबून बदलणारे स्वयंचलित गिअर. मात्र १९५९ ते १९८१ या काळात एकूण ३ हजारांहून थोड्याच अधिक चायका बनल्या. ती दुकानात मिळत नसे. मंत्री, राजदूत अशा पदाधिकाऱ्यांना पदाबरोबर मिळे आणि पद गेले की परत जाई.

तिच्या आधीची ‘झिम’ मात्र खासगी व्यक्तीलाही विकली जाई. किंमत ४० हजार रूबल. सरासरी मासिक वेतन तेव्हा सुमारे ७०० रूबल. हिशेब वाचकांनीच करावा.

गंमत अशी, की चायकाचा चेहरा अमेरिकन होता. १९५५ च्या सुमाराची पॅकार्ड तिच्याशेजारी उभी केली, तर नाते लपत नाही. त्याआधीची ‘झिस-११०’ तर १९४२ च्या पॅकार्डवरच बेतलेली. पॅकार्डने आपले साचेच मॉस्कोला विकले, ही कथा लोकप्रिय आहे. दोन्ही मोटारींचे पत्रे ताडून पाहणारे अभ्यासक ती मानत नाहीत.

आणि आपल्याकडे? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो उभ्या केल्या. अमेरिकेत या मध्यमवर्गाच्या मोटारी; इथे मात्र दारात डॉज म्हणजे श्रीमंती. नावे तीन, सांगाडा बहुतांशी एकच! पुढे १९५३ च्या टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना गुंडाळला. भारताने चायकाही घडवली नाही आणि कॅडिलॅकही. कुर्ल्यात छोट्या फियाटचे राज्य सुरू झाले.

सोव्हिएत शहरांत पुढे जुन्या चायका लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने मिळू लागल्या, आणि सामान्य नवरा-नवरीला तासाभरापुरते त्या मागच्या आसनावर बसता आले. मूळ पॅकार्डचे नाव तोवर अमेरिकेतून पुसले गेले होते. शेवटची पॅकार्ड १९५८ मध्ये बनली, चायका बाजारात उतरण्याच्या एक वर्ष आधी. बाजारात म्हणजे, अर्थात, सरकारी यादीत.