टोळ आणि सोनकिडा

पावसाळ्याच्या दिवसांत टेकडीवरून आलेल्या एका विद्यार्थ्याने आगपेटी उघडून माझ्या टेबलावर ठेवली. आत बाभळीच्या पाल्यावर हिरवा झळाळता सोनकिडा. "गुरुजी, टोळ वाईट आणि हा चांगला, असे का?" उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

टोळाचे तेथील स्थान फार जुने. आपल्या पूर्वजांनी राज्यावरच्या सहा 'ईति' सांगितल्या, त्यांत अतिवृष्टी-अनावृष्टीच्या पंक्तीला शलभ बसवला. सह्याद्रीतल्या टोळाला तर शास्त्रज्ञ 'मुंबई टोळ' म्हणूनच ओळखतात. हिवाळा-उन्हाळा तो घाटाच्या रानात काढतो; पाऊस लागला की मोकळ्या मुलखात उतरून मातीत अंडी घालतो; पिल्ले गवतावर नि ज्वारीवर वाढतात आणि पंख फुटलेले थवे पावसाळा सरल्यावर पुन्हा रानाची वाट धरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात त्याने धुमाकूळ घातला, तेव्हा लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने १९०६ साली त्याच्यावर प्रबंध लिहिला. हेच लेफ्रॉय १९२५ साली कीटकनाशक वायूचे प्रयोग करताना त्याच वायूने गेले. २०२० साली विदर्भात उतरलेली धाड मात्र वाळवंटी टोळाची.

सोनकिड्याची बखर कोणी लिहिली नाही. त्याची अळी जमिनीत मुळे कुरतडत दिवस काढते. बाहेरचे तेजस्वी आयुष्य काही आठवड्यांचे. त्याची झळाळी रंगद्रव्याची नव्हे. कवचाच्या सूक्ष्म थरांवर उजेड खेळतो त्याची. म्हणून किडा मेला तरी रंग मरत नाही. याच गुणामुळे त्याचे पंख आपल्याकडे वस्त्रांवर जडले गेले, विलायतेलाही गेले. १८८८ साली लंडनच्या रंगभूमीवर एलेन टेरी लेडी मॅक्बेथ झाली ती अशाच पंखांनी मढवलेल्या झग्यात. पुढल्या वर्षी सार्जंटने तिचे त्याच वेषात चित्र काढले.

म्हणजे एकाने आमचे खाल्ले म्हणून त्याची नोंद झाली, दुसरा आम्हांला नटवायला उपयोगी पडला म्हणून. वास्तविक दोघेही पाला खातात, दोघेही मातीत जन्मतात, दोघेही पावसाची वाट पाहतात. चांगले-वाईट ठरते ते आमच्या खळ्यावर.

हे सांगताना माझी जीभ अडखळली. लहानपणी मीही एका सोनकिड्याला दोरा बांधून गरगर उडवले होते आणि रात्री पेटीत ठेवले होते. तो मेला, पण रंग तसाच होता, म्हणून तो जिवंतच आहे असे समजून मी दोन दिवस त्याला पाला घालीत राहिलो.

मुलाने काही न बोलता पेटी उचलली. मधल्या सुटीत तो शाळेमागच्या बाभळीपाशी उभा दिसला. हातातली पेटी उघडी होती.