कराची पावती

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुळगी हे लहानसे ठिकाण लागते. सभोवार सागाचे आणि बांबूचे रान आहे. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे त्याचे नाव प्रवाशांना ठाऊक झाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील या रानाचा इतिहास मात्र पैसा आणि कर यांच्या इतिहासात पुरता गुंतलेला आहे.

कर हा शब्द ऐकला की सामान्य माणसाच्या कपाळाला आठी पडते. सरकार घेते आणि आपण गमावतो, ही समजूत फार जुनी आहे. परंतु कर देणाऱ्यालाही एक वस्तू मिळते, ती म्हणजे पावती. तिचे मोल काय, हे या जिल्ह्याने दोन परींनी अनुभवले.

१७९९ साली टिपू सुलतानाचा पाडाव झाला आणि कानडा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. तेथे सारा ठरविण्याचे काम टॉमस मन्रो याच्याकडे होते. या प्रांतात जमिनीवर वंशपरंपरेची खासगी मालकी पूर्वापार चालत आली आहे, असे त्याला आढळले. ज्याचे नाव दप्तरी, त्याचा सारा आणि त्याचीच जमीन, असा हा सरळ हिशेब होता.

घाटमाथ्यावरील रानात कुमरी करणाऱ्या कुणब्याला हा हिशेब लागू पडेना. तो उतारावरची झाडी कोयत्याने तोडी, उन्हाळ्यात जाळी, आणि पाऊस पडताच त्या राखेत नाचणी पेरी. दोनतीन पिके काढून तो ती जागा कित्येक वर्षे रानाला परत देई. जागा बदलणाऱ्या शेताचे खाते कोणत्या नावावर मांडावे? कुणब्याच्या लेखी झाड म्हणजे सावली, सरपण आणि राख. सरकारच्या लेखी ते घनफुटांनी मोजावयाचे भांडवल. साग जहाजांना हवा होता, पुढे रेल्वेला लाकूड हवे झाले. १८६२ साली उत्तर कानडा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी रानावरील सरकारची पकड घट्ट केली आणि कुमरीचे क्षेत्र आकसत गेले. पोट भरण्यासाठी कुणब्याला मजुरीची रोकड शोधावी लागली.

याच जिल्ह्यात अंकोला आणि सिद्धापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनी १९३० ते १९३२ च्या सविनय कायदेभंगात करबंदी पुकारली. सारा न भरल्याबद्दल त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारावर आले, तेव्हा जप्त जमिनी परत देण्यासाठी कायदा करण्यात आला. त्या शेतकऱ्यांचा त्याग मोठाच होता. तथापि त्यांची नावे दप्तरात होती, म्हणूनच जमीन जप्त होऊ शकली आणि म्हणूनच ती परतही मिळू शकली. रानातील कुणब्याजवळ नाकारण्यासारखा सारा नव्हता आणि परत मागण्यासारखा सातबाराही नव्हता.

हा जुना भेद २००६ च्या वनहक्क कायद्यात पुन्हा वर आला. अनुसूचित जमातींत नसलेल्या वनवासीयांनी आपल्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करावा, अशी त्यात अट आहे. पुराव्यांच्या यादीत घरपट्टीची पावतीही आहे. ज्याला पूर्वजांनी जुलूम मानले, त्याचाच कागद नातवाला पेटीत शोधावा लागतो. सुदैवाने याच नियमांनी गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा मानले आहे.

कर किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण कर कोणाच्या नावे आहे, हा त्याहून आधीचा प्रश्न आहे. राज्याच्या वहीत ज्याचे नाव नाही, त्याला कराची पावती मिळत नाही. त्याची किंमत तो जमिनीने चुकवितो.