पत्ते नाही, टेबल निवडा!

2003 साली ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासला गेला आणि पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 25 लाख डॉलर जिंकला. झालं! ऑनलाइन नवख्यांची रीघ लागली. सहा जणांच्या टेबलावर ब्लाइंड, म्हणजे सक्तीची पैज, नऊच्या टेबलापेक्षा लवकर फिरून येते. चांगल्या पत्त्यांची वाट बघणं महागात पडतं. मुरलेले खेळाडू आधी लॉबीतले आकडे बघायचे: पॉट कुठे मोठे, पहिले तीन पत्ते उघडेपर्यंत जास्त जण कुठे टिकतात? तिथेच बसायचे. 2006 मध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराचे पैशांचे व्यवहार रोखणारा कायदा केला आणि नवखे आटू लागले. आता मुरलेले एकमेकांसमोर, कमिशन मात्र साइटला. मग आधीचा नफा कुणाच्या खिशातून येत होता, कळलं ना?